पहिली सेकंड हँड गाडी घेताय? चांगलं ॲव्हरेज देणारी आणि त्रास न देणारी गाडी कशी शोधायची

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज किती देते?" प्रश्न चुकीचा नाही पण तो तिसरा आहे. पहिला प्रश्न आपण महिन्याला किती फिरणार, आणि दुसरा म्हणजे ही समोरची गाडी आतापर्यंत कोणी आणि कशी वापरली. घरच्यांसाठी, मित्रांसाठी, ऑफिसातल्या लोकांसाठी गाड्या बघायला, घासाघीस करायला आणि नंतर आरटीओचे कागद करायला मी बराच फिरलोय आणि एक गोष्ट सारखी दिसते, लोक मॉडेल निवडण्यात महिने घालवतात आणि प्रत्यक्ष गाडी अर्ध्या तासात बघून बयाणा देऊन मोकळे होतात. व्हायला पाहिजे ते उलट. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी, महाराष्ट्रातल्या हिशेबाने.

१. आधी महिन्याचे किलोमीटर काढा

कागद घ्या आणि खरे आकडे लिहा. ऑफिसला रोज गाडी नेणार का, की बाईकच वापरणार आणि गाडी फक्त शनिवार-रविवारी? गावाला वर्षातून किती वेळा? बहुतेक घरांमध्ये हा आकडा आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

आता हे बघा. महिन्याला ४०० किलोमीटर फिरणं आहे, एक गाडी शहरात १८ चं ॲव्हरेज देते, दुसरी २१ चं. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याला फरक पडतो साधारण ३३० रुपये, म्हणजे वर्षाला ४ हजार. छोट्या गाडीचा क्लच बदलायचा म्हटलं तर मजुरी धरून ८-१० हजार सहज जातात, म्हणजे ॲव्हरेजमधली दोन वर्षांची बचत एका क्लचमध्ये संपली. त्यामुळे कमी रनिंग असणाऱ्याने २-३ किलोमीटरच्या फरकासाठी चांगली राखलेली गाडी सोडून थकलेली गाडी घेऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

आणि हो, कंपनी जो आकडा सांगते तो एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या टेस्टचा असतो, ठरलेल्या पद्धतीने लॅबमध्ये काढलेला. वॅगनआर १.० पेट्रोलचा २४-२५ आहे, नव्या स्विफ्टचाही तेवढाच. हिंजवडीच्या नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून तो मिळणार नाही. हा आकडा दोन गाड्यांची आपापसात तुलना करायला वापरा, खिशाचा हिशेब करायला नको.

२. पेट्रोल, सीएनजी की डिझेल

महिन्याला १००० किलोमीटर असतील तर सीएनजीचा विचार नक्की करा. पेट्रोलवर १७ धरले तर साधारण ६१०० रुपये लागतात, सीएनजीवर किलोला २४ आणि भाव ८८ धरला तर ३७०० च्या आत. महिन्याला जवळपास २४०० वाचतात. तेच रनिंग ४०० असेल तर बचत हजाराच्या आसपास येते, आणि त्यासाठी डिकी जाते, पंपावर रांग लागते, शिवाय सेकंड हँडमध्ये सीएनजी गाडी बहुतेक वेळा जास्त पळालेली असते कारण जास्त पळणाऱ्यानेच ती घेतलेली असते. तुमच्या रोजच्या रस्त्यावर पंप आहे का आणि तिथे प्रेशर कसं मिळतं हे आधी दोन दिवस बघून या.

सीएनजी गाडीत तीन गोष्टी बघायच्याच. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, इंधनाच्या जागी पेट्रोल-सीएनजी लिहिलेलं पाहिजे, बाहेरून किट बसवून आरसीवर न चढवलेली गाडी असेल तर तिथूनच परत फिरा, उद्या विम्याचा क्लेम अडकतो. दुसरं, टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर ३ वर्षांनी लागते, तिची तारीख प्लेटवर असते आणि सर्टिफिकेट वेगळं मिळतं, दोन्ही मागा. तिसरं, गाडी पेट्रोलवरही चालवून बघा. बरेच जण वर्षानुवर्षं गॅसवरच चालवतात, पेट्रोलच्या टाकीत तळाला थोडंसं असतं, मग पेट्रोलवर टाकली की गाडी झटके मारते.

डिझेल फक्त खूप हायवे असणाऱ्याने घ्यावी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेलमध्ये सायलेन्सरच्या लाइनला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी मध्येमध्ये सलग वेगात चालावी लागते, रोज शाळा-भाजी-घर एवढंच चालवलं तर तो चोक होतो आणि खर्च मोठा निघतो.

इथेनॉलबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहितो. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्याला चालतील अशा बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत ॲव्हरेज थोडं कमी मिळेल हे धरून चाला, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट सांगितली होती. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि इंधनाची लाइन गॅरेजवाल्याकडून बघून घ्या.

३. कुठल्या गाड्यांची यादी करायची

माझा नियम साधा आहे. ज्या गाडीचा मेकॅनिक तालुक्याच्या गावात मिळतो आणि पार्ट त्याच दिवशी मिळतो, ती गाडी विश्वासाची. म्हणून पहिल्या गाडीसाठी मी मारुतीच्या १.० आणि १.२ पेट्रोल (वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो), ह्युंदाईची १.२ (ग्रँड आय१०, निऑस), होंडाची १.२ अमेझ आणि टाटाची टियागो यांच्यापलीकडे फारसं सुचवत नाही. टोयोटाची ग्लान्झा म्हणजे आतून बलेनोच आहे, तीही बघा.

बंद झालेल्या कंपन्यांच्या गाड्या स्वस्त दिसतात. शेवरोलेने २०१७ च्या शेवटी भारतात विक्री थांबवली आणि तळेगावचा प्लांटही २०२० मध्ये थांबला, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करायचं ठरवलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. यातल्या काही गाड्या चालवायला फार छान आहेत, पण पहिलीच गाडी असेल आणि ओळखीचा मेकॅनिक नसेल तर नको.

सेफ्टीचं मी आग्रहाने सांगतो. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि ८० च्या वर गेलं की वाजणारा बझर, आणि २०२२ पासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग. म्हणजे शक्यतो २०१९ च्या मध्यानंतरची गाडी बघा आणि बजेट ताणता आलं तर २०२२ नंतरची. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या, गाडी आपटून सेफ्टी तपासण्याच्या टेस्टमध्ये टियागोला २०२० मध्ये ४ स्टार मिळाले होते, वॅगनआरला २०२३ मध्ये १, आणि नव्या डिझायरला २०२४ मध्ये ५. ॲव्हरेज सारखंच असेल तर हा फरक निर्णय करायला पुरेसा आहे, मागच्या सीटवर आपलीच पोरं बसणार आहेत.

बजेटचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी २८ होता. त्यामुळे एक-दोन वर्षांची जुनी गाडी कोणी "मी एवढ्याला घेतली होती" असं सांगून विकत असेल तर त्या मॉडेलची आजची नवी ऑन-रोड किंमत शोरूममधून काढा आणि तिथून खाली या. आणि ४ लाख बजेट असेल तर गाडी साडेतीनपर्यंतच बघा. टायर, सर्व्हिस, विमा, ट्रान्सफर यात उरलेले जातात.

४. घरबसल्या कागद तपासा

गाडी बघायला जायच्या आधी विकणाऱ्याकडून आरसीचा आणि विम्याच्या पॉलिसीचा फोटो मागवा. द्यायला टाळाटाळ केली तर पुढच्या गाडीकडे वळा, मार्केटमध्ये गाड्यांची कमी नाही.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कितवा मालक, नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर कर्ज आहे का, हे बघा. "फर्स्ट ओनर आहे साहेब" हे सगळेच सांगतात, ॲपवर खरं कळतं. मग महाराष्ट्र ट्रॅफिकच्या ई-चलान वेबसाइटवर गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दंड किती बाकी आहे ते काढा. ५-६ हजारांचा दंड साठलेल्या गाड्या सर्रास असतात, तो विकणाऱ्याने भरायचा, नाहीतर किमतीतून कापायचा.

पॉलिसीवरचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, हा आकडा फार बोलका असतो आणि लोक तो बघतच नाहीत. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. आता गाडी ६ वर्षांची आहे, मालक म्हणतो एक ओरखडाही नाही आणि पॉलिसीवर एनसीबी शून्य किंवा २० दिसतोय, याचा अर्थ अलीकडे क्लेम झालाय किंवा मध्ये विमा खूप दिवस तुटला होता. सरळ विचारा काय झालं होतं, बिल दाखवा म्हणा. बंपरचा क्लेम असेल तर काही बिघडत नाही, पण उत्तर मिळालं पाहिजे.

दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी स्वस्तात मिळते, विशेषतः दिल्लीकडची कारण तिकडे जुन्या गाड्यांवर निर्बंध आले. पण १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर एमएच नंबर घ्यावा लागतो, मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत) म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो पण त्यामागे फिरावं लागतं. कोल्हापूर-सिंधुदुर्गात गोवा आणि कर्नाटक पासिंगच्या गाड्यांचंही तेच. हा सगळा खर्च मिळवूनही स्वस्त पडत असेल तरच हात घाला, पहिल्या गाडीला मी नकोच म्हणेन.

५. प्रत्यक्ष गाडी बघताना

दिवसा उजेडी जा, पाऊस नको, आणि गाडी नुकतीच धुतलेली ओली नको, ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही. फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर का ते विचारा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, टकटक किती वेळ येते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे गरम इंजिनवर लपून जातं.

बॉनेट उघडून कडेच्या पत्र्याचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो. पान्याच्या खुणा असतील, कोपऱ्यावरचा रंग उडालेला असेल तर तो पत्रा कधीतरी निघालाय. दाराचे बोल्ट, डिकीचे बोल्ट असेच बघत चला. फेंडर (चाकावरचा पत्रा) बदललेला असणं चालतं, पण पुढची चौकट, खांब, छत यांना हात लागलेला असेल तर गाडी सोडा, किंमत कितीही पाडली तरी.

पुराची गाडी हा आपल्याकडे खरा धोका आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, किती गाड्या पाण्यात गेल्या हे आपण पाहिलंय आणि त्यातल्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. आतून शॅम्पू करून, सीट कव्हर बदलून गाडी नव्यासारखी दिसते. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, अगदी रीळ थांबेपर्यंत, आणि बोटाने पट्टा चाचपा. बाहेरचा दीड हात स्वच्छ आणि आतला भाग कडक, मातकट, त्यावर आडवी फिकट रेघ दिसली की समजायचं पाणी कुठपर्यंत आलं होतं. पट्टा आतून धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. स्टेपनी काढून तिच्याखालचा खड्डा बघा, पुढच्या सीटच्या पटरीचे नट गंजलेत का बघा, एसी चालू करून वास घ्या.

किलोमीटर मागे फिरवलेले असतात हे गृहीत धरूनच बघा. मीटरवर ३५ हजार आणि स्टिअरिंग गुळगुळीत, क्लचच्या पेडलचं रबर झिजलेलं, ड्रायव्हर सीटचा कडेचा फोम बसलेला, हे जुळत नाही. टायरवर चार आकडी कोड असतो, उदाहरणार्थ २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. गाडी २०२१ ची, मीटर २० हजार आणि चारही टायर २०२४ चे? मग पहिले टायर कशाने संपले? पण यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन गाडी नंबरवरून सर्व्हिस हिस्ट्री काढायची, मालकाला सोबत न्या म्हणजे ते माहिती देतात. प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते तिथे नोंदलेलं असतं.

एवढं सगळं झाल्यावरही आपला मेकॅनिक घेऊन जा किंवा गाडी त्याच्याकडे न्या. हजार-दीड हजार रुपये द्या, तो स्कॅनर लावेल, लिफ्टवर चढवून खालून बघेल. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

६. टेस्ट ड्राइव्ह

गल्लीतून एक चक्कर म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नाही. अर्धा तास घ्या, खराब रस्ता, चढ आणि मोकळा रस्ता तिन्ही मिळालं पाहिजे. म्युझिक बंद, काचा खाली. खड्ड्यात खटखट आली तर सस्पेन्शन, चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही तर क्लच गेलेला, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते तर तेही बघायला लागेल. एएमटी (क्लचचं पेडल नसलेली ऑटोमॅटिक) असेल तर चढावर थांबून पुन्हा उचलून बघा, आणि एसी फुल्ल लावून सिग्नलला उभं राहून टेंपरेचर वर जातंय का ते बघा. प्रत्येक दोषाचा खर्च मेकॅनिककडून विचारून लिहून ठेवा, घासाघीस त्याच कागदावरून करायची.

७. पैसे देताना

बयाणा थोडाच द्या आणि बँकेतून किंवा यूपीआयवर द्या. व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या की कर्जाची एनओसी नाही मिळाली किंवा कागदात अडचण निघाली तर बयाणा परत. गाडीवर कर्ज असेल तर उरलेली रक्कम मालकाच्या हातात न देता थेट बँकेच्या लोन खात्यात भरायचं बघा आणि त्याची पावती घ्या.

बाहेर राहणारा कोणीतरी, बदली झाली म्हणून अर्ध्या किमतीत गाडी विकतोय आणि आधी ट्रान्सपोर्टचे पैसे मागतोय, असं काही आलं तर नंबर ब्लॉक करा. गाडी आणि मूळ आरसी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया नाही.

८. गाडी नावावर करून घेणे

इथे सगळ्यात जास्त आळस होतो. "नंतर करू" म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म गाडीत पडून राहतात आणि मालक गाव सोडून जातो.

लागणारे कागद:

- मूळ आरसी
- फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह
- चालू विमा आणि चालू पीयूसी
- दोघांचे आधार, पॅन, फोटो आणि घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा
- चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा
- कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, हिची मुदत असते, तारीख बघा

परिवहनच्या वेबसाइटवर अर्ज होतो, पण आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो नंबर कित्येकदा जुन्या डीलरचा नाहीतर बंद पडलेला निघतो. म्हणून व्यवहार पूर्ण होण्याआधीच मालकाला नंबर अपडेट करायला लावा. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. मालक टाळत असेल तर त्याला सांगा, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मग तो स्वतःच घाई करेल.

मूळ मालक वारलेला असेल तर हे फॉर्म चालत नाहीत, आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी चढवायला लावा आणि मगच घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का तेही बघा.

विम्यासाठी कंपनीला १४ दिवसांत कळवा. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं, पण जुन्या मालकाचा एनसीबी त्याचाच राहतो, तुम्हाला फरकाचा प्रीमियम भरावा लागेल. हे न केलेल्यांचे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे क्लेम नाकारले गेलेले मी पाहिलेत, आणि तेव्हा कोणाचंच काही चालत नाही.

९. गाडी घरी आल्यावर

जुना मालक काहीही सांगो, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाका आणि त्या दिवसाचे किलोमीटर लिहून ठेवा. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा, तो चालू असेपर्यंत तुमच्या नावाचा नवा निघायला अडचण येते.

मग ॲव्हरेज काढा. डिस्प्लेवरचं नाही, टाकी ते टाकी. ऑटो कटपर्यंत फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्य करा, ३०० किलोमीटर तरी नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. असं दोन-तीन टाक्यांचं सरासरी काढलं की तुमच्या गाडीचा, तुमच्या रस्त्यावरचा खरा आकडा मिळतो, तो वहीत लिहा. पुढे कधी तो एकदम २-३ ने पडला तर आधी टायरची हवा बघा, मग एअर फिल्टर, मग जाम झालेला ब्रेक, आणि तरी नाही सुधारला तर गॅरेजला न्या.